बसस्टँडमागच्या गल्लीसाठी सह्यांचा कागद, आणि मी न केलेली सही

घटप्रभाकाठ | १४ मार्च, रात्री १०:४०

परवा रात्री जेवून हात धुतोय तोवर गल्लीतले दोघे दारात. हातात फुलस्केप कागद, वर मथळा 'बसस्टँडमागील अनैतिक प्रकार बंद करणेबाबत'. खाली तेहतीस सह्या. चौतिसावी माझी पाहिजे होती. मी म्हटलं, वाचतो, उद्या देतो. तो उद्या अजून उगवलेला नाही, आणि आता दूध आणायला गेलो तरी लोक बोलता बोलता गप्प होतात. गाव निपाणी भागातलं, एवढंच सांगतो.

सही का केली नाही हे दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. लांबण लागेल.

२००५ ते २०११ मी एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या एका संस्थेत हिशेबनीस होतो. गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' कार्यक्रम २००३ ला सुरू झाला होता, त्यामुळे कर्नाटकात या कामाला पैसा होता. बेळगाव, बागलकोट, विजापूर ही नावं तेव्हा राज्याच्या एचआयव्हीच्या यादीत वरच्या ओळीत असायची. माझं काम व्हाउचर लावायचं. पण निरोधच्या पेट्या मोजून घ्यायला माणूस नसायचा, तेही माझ्याच गळ्यात. पेट्या न्यायला 'पीअर' यायच्या. म्हणजे स्वतः धंद्यात असलेल्या बायका. आपल्याबरोबरच्या बायकांना निरोध द्यायचे, तपासणीला घेऊन जायचं, हे त्यांचं काम. पहिले दोन महिने मी मान वर करून त्यांच्याशी बोललो नाही, हे कबूल करतो.

एका सोमवारी त्यातली एक, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, बंद तुटलेली पर्स घेऊन आली. आदल्या रात्री तिला स्टँडवरून चौकीत नेलं होतं. तिथे पोलिसांनी पर्स टेबलावर पालथी केली. फणी, कुंकवाची डबी, चिक्कीचा अर्धा तुकडा, संस्थेचं ओळखपत्र आणि निरोधच्या पट्ट्या. ओळखपत्र बाजूला सरकवलं आणि निरोध मोजले. चोवीस. 'एका रात्रीत एवढं गिऱ्हाईक?' म्हणून हसले आणि पट्ट्या पुरावा म्हणून ठेवून घेतल्या. सकाळी सोडलं. कसं सोडलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तिला पडलेला प्रश्न वेगळाच होता. "सर, हे चोवीस रजिस्टरात वाटले म्हणून लिहू, का पोलिसांनी नेले म्हणून?" तसा रकानाच नव्हता आमच्याकडे. मी 'वाटप' खाली टाकायला सांगितलं. ऑडिटला कुणी काही बोललं नाही.

पुढचे दोन महिने त्या स्टँडवरची एकही बाई जवळ निरोध ठेवायला तयार नव्हती. गिऱ्हाइकाकडे असला तर असला. त्या दोन महिन्यांत कुणाला काय लागलं, याचं व्हाउचर माझ्याकडे नाही.

आता या कागदाचं पुढे काय होणार ते सांगतो. निवेदन जाईल, पेपरात फोटो येईल, एक रेड पडेल. काहीजणींना गाडीत घालून नेतील, बाकीच्या पांगतील. धंदा बंद होत नाही, हायवेला जातो. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे, अंधारात, जिथे पीअर पोचत नाही आणि ओरडलं तर ऐकायला कोण नाही.

तुम्ही काय केलं असतं?


कुंदा_खाऊ | १४ मार्च, रात्री ११:०५

मी सही केली असती. राग मानू नका. बेळगावात माझ्या घराजवळ अशीच जागा आहे. माझी मुलगी संध्याकाळी क्लासहून चालत येते. आत्तापर्यंत दोन वेळा कुणीतरी पांढरी गाडी हळू करून तिला 'किती' म्हणून विचारलंय. सतरा वर्षांची आहे. त्या रात्री ती जेवली नाही. हक्कबिक्क सगळं ठीक, पण तुमच्या पोरीला कोणी असं विचारलं असतं तर?


राकसकोप | १४ मार्च, रात्री ११:२०

कोर्टाने २०२२ ला हे सगळं कायदेशीर केलंय ना? मग रेड पडतेच कशी?


ॲड_वेदगंगा | १५ मार्च, सकाळी ७:१०

राकसकोप, ती मथळ्यांची घाई. दोन्ही बाजूंचे लोक हेच चुकीचं वाक्य घेऊन भांडतात.

१९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात प्रौढ बाईने पैसे घेऊन संबंध ठेवणं हा मुळात गुन्हा नव्हताच. गुन्हा आहे तो कोठा चालवणं (कलम ३), तिच्या कमाईवर जगणं (४), बाईला धंद्यात आणणं (५), सार्वजनिक ठिकाणाजवळ धंदा (७) आणि रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं (८). कलम ७ मधलं अंतर वाचा: देऊळ, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून २०० मीटर. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावात या सगळ्यांपासून २०० मीटर लांबची खोली दाखवा, मी वकिली सोडते! कलम ४ आणखी गंमतीचं. आईच्या पैशावर शिकणारा मुलगा अठरा पुरा झाला की तोही कमाईवर जगणारा ठरू शकतो. आणि कलम ८ मध्ये बाईला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, तोच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवस ते तीन महिने. कायदा बाईच्या रक्षणासाठी आहे म्हणे.

आता २०२२. बुद्धदेव कर्मास्कर प्रकरण, १९ मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. कोर्टानेच २०११ मध्ये नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशी समोर होत्या. त्यातल्या काहींना केंद्र सरकारने हरकत घेतली. 'प्रौढ बाई स्वेच्छेने करत असेल तर पोलिसांनी मधे पडू नये' आणि 'रेडमध्ये बाईला अटक करू नये' या दोन त्यातल्याच. त्या अजून लोंबकळत आहेत. पण ज्यांना हरकत नव्हती त्या सहा राज्यांनी काटेकोर पाळायच्या, असा आदेश झाला: लैंगिक अत्याचार झालेल्या बाईला कुठल्याही पीडितेसारखीच वैद्यकीय मदत, पोलिसांनी सन्मानाने वागणं, माध्यमांनी ओळख उघड न करणं, सुधारगृहात मनाविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ बायकांचा आढावा, विधी सेवा प्राधिकरणाची शिबिरं, आणि निरोध बाळगणं हा गुन्हाही नाही नि पुरावाही नाही.

म्हणजे घटप्रभाकाठ, तुमच्या अक्काची पर्स आज पालथी केली तर ते चोवीस निरोध ठेवून घेणं हे थेट त्या आदेशाविरुद्ध. शिवाय २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं कलम २२ आहे. लागण टाळायला केलेले जोखीम कमी करायचे उपाय गुन्हा ठरत नाहीत.

कुंदाभाऊ, तुमच्या मुलीचं. तिला 'किती' विचारणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ आणि ७९ लागतं. गल्लीच्या निवेदनात त्या गाडीवाल्याचा उल्लेख आहे का? नसणार.


घटप्रभाकाठ | १५ मार्च, सकाळी ७:४५

नाही. पुन्हा वाचला कागद. 'सदर महिला' सात वेळा आहे. पुरुष एकदाही नाही.


तंबाखूवखार | १५ मार्च, सकाळी ८:३०

+१. बाकी कागद कन्नडमध्ये होता का मराठीत? कन्नडमध्ये दिला नाही तर घेणार नाहीत आणि मराठीत सही करणारे


संपादक | १५ मार्च, सकाळी ८:५०

भाषेचा वाद इथे नको, त्याला वेगळे अकरा धागे आहेत. गल्लीचं, चौकीचं, कुठल्याही बाईचं नाव-पत्ता टाकू नये. टाकलेला एक प्रतिसाद उडवला आहे.


यल्लव्वा_नव्हे | १५ मार्च, दुपारी २:१५

बोलून टाइप करालेय, चुकलं तर समजून घ्या.

नाव असं का घेतलं ते आधी सांगते. मीटिंगला कुठलीबी नवीन बाई आली की विचारती, तुझं नाव यल्लव्वा काय? म्हणजे सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला सोडलेली देवदासीच असणार, असं त्यांनी घरातूनच ठरवून आणलेलं असतं. मी देवाची नव्हे. मी निपाणीत वखारीत तंबाखू निवडत होते. नवरा वारला, पोरं दोन, सासू. हिशेब बसंना. अकरा वर्षं झाली, आता पीअर पण हाय.

कुंदाभाऊ, तुमच्या पोरीचं ऐकून वाईट वाटलं. मला पण पोरगी हाय, ती पण क्लासला जाती. खरं त्या गाडीवाल्याला आम्ही बोलावलं नव्हतं ओ. तो आम्हालाबी तसाच तरास देतो. पैसे न देता जाणारा तोच. त्याचा नंबर आमच्यातल्या दोघीतिघींना पाठ असतो, विचारा.

गल्लीत आम्ही एकमेकीवर नजर ठेवून राहतो. कोण कुठल्या गाडीतनं गेली, किती वाजता, परत आली का. गेलेली तासात नाही आली की फोन. उजेडात उभं राहून दोन मिनिटं बोलायला मिळालं की माणूस कळतो. प्यालाय काय, एकटाच हाय काय, निरोधाला व्हय म्हणतो काय. पोलिसाची गाडी येणार म्हटल्यावर ती दोन मिनिटं जातात. झटक्यात गाडीत बसायचं आणि निरोधाचं बोलणं गाडीत. गाडीत बसल्यावर आपलं कोण ऐकतंय?

तुम्ही लोक विचारता, दुसरं काम का करत नाही. शिलाई मशीन मला आजवर तीन मिळालीत. एक पोरीला ठेवलंय, दोन विकली. मशीन नको. कागद पाहिजे. रेशन कार्ड, आधार, बँक.


कुंदा_खाऊ | १५ मार्च, दुपारी ३:००

तुमच्या पोरीचं वाचून काय लिहावं कळेना. माझा प्रश्न तिथेच आहे, पण 'सह्या त्या गाडीवाल्यावर घ्या' हे मला आधी सुचलं नाही हे खरं.


मलप्रभा७२ | १५ मार्च, सायंकाळी ६:२०

मी पुढचं जरा सावध लिहिते. तीस वर्षं सौंदत्ती तालुक्यात शिकवलं. यल्लव्वा_नव्हे यांचा अनुभव त्यांचा, तो खोडायचा नाही. पण 'स्वेच्छा' हा शब्द आला की माझ्या अंगावर काटा येतो. माझ्या वर्गातली मुलगी सुट्टीनंतर गळ्यात मण्यांचा मुत्तू, म्हणजे देवाला सोडल्याची खूण, घालून आली तेव्हा तिला आपण कुठल्या निर्णयाबद्दल बोलतोय ते माहीत नव्हतं. गडहिंग्लजला १९७५ मध्ये देवदासी परिषद झाली. कर्नाटकाने १९८२ मध्ये देवाला सोडण्यावर बंदीचा कायदा केला, महाराष्ट्राने २००५ मध्ये. या सगळ्यासाठी लोकांनी हाडं झिजवली. तुमच्या हक्कांच्या भाषेत ती मुलगी कुठे बसते?


ॲड_वेदगंगा | १५ मार्च, रात्री ९:००

ताई, ती बसतच नाही, आणि बसू नये. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायद्याला मान्य नाही. तिथे पोक्सो आहे, मानवी तस्करीचं कलम आहे, देवदासी कायदा आहे. पण माझा अनुभव असा, की तुमच्या वर्गातल्या मुलीबद्दल पहिली कुणकुण लागते ती धंद्यातल्या बायकांनाच. स्टँडवर नवीन कोवळं पोर उभं राहिलं की त्यांना अर्ध्या तासात कळतं. त्या पोलिसांकडे जायला घाबरल्या नाहीत तर सांगतील. घाबरल्या तर कशाला सांगतील?


यल्लव्वा_नव्हे | १५ मार्च, रात्री ९:४०

बाई, तुम्ही म्हणता ते खरं हाय. देवाला सोडलेल्या मैत्रिणी हायत माझ्या. त्यातली एक चाळिशीची, तिला पेन्शन नाही. का, तर सर्व्हे झाला १९९३-९४ ला आणि मग २००७-०८ ला. दुसऱ्या सर्व्हेच्या टायमाला ती मिरजेत होती. यादीत नाव नाही म्हणजे सरकारच्या लेखी ती देवदासी नव्हे. मोती अजून गळ्यात हाय.


मलप्रभा७२ | १५ मार्च, रात्री १०:०५

दोन्ही सर्व्हे मिळून ४६,६६० बायका नोंदल्या, हे मी कित्येक भाषणांत सांगितलंय. सुटलेल्या किती, हे एकदाही विचारलं नाही.


डॉ_पांढराचाफा | १६ मार्च, सकाळी ६:३०

निवृत्त सरकारी डॉक्टर. वैद्यकीय बाजू थोडक्यात, कारण ती सोपी आहे आणि तरी कुणाला माहीत नसते.

निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली तर ७२ तासांच्या आत एचआयव्ही टाळायची औषधं सुरू करता येतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं. सकाळी बघू म्हणून थांबू नका. २८ दिवस घ्यायची. सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही सल्ला व तपासणी केंद्रात) तपासणी फुकट, नाव गुप्त, आणि संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. २०१७ च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. १०९७ ही एड्स हेल्पलाइन. ज्याची एआरटी (एचआयव्हीवरची रोजची औषधं) नियमित आहे आणि रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी झालाय, त्याच्याकडून संबंधातून लागण होत नाही. हे वाक्य मी ओपीडीच्या भिंतीवर लिहायला पाहिजे होतं.

आता अवघड भाग. नोकरीच्या सुरुवातीला अशी बाई आली की मी खुर्ची अर्धा फूट मागे घ्यायचो. मुद्दाम नाही, व्हायचं. एक दिवस एका पीअरने सगळ्यांसमोर विचारलं, "डॉक्टर, तुम्ही खुर्ची मागे घेता ते आमच्या वासाने का?" त्यानंतर खुर्ची हलली नाही. गुप्तरोगाची पांढरी पाकिटं, निळी पाकिटं सगळी वेळेवर होती आमच्याकडे. बायका यायच्या बंद झाल्या होत्या त्या खुर्चीमुळे.


खानापूरकर_पुणे | १६ मार्च, सकाळी १०:१५

अजून एक बाजू. गल्ली, स्टँड, लॉज हे सगळं आता निम्मंच उरलंय. धंदा फोनवर गेलाय. लांबच्या नात्यातली एकजण पीअर आहे (घरात हे वाक्य अजून कोणी मोठ्याने बोलत नाही). तिचं म्हणणं, पूर्वी दहा ठिकाणं फिरलं की पन्नास जणी भेटायच्या, आता पन्नास जणी पन्नास फोनमागे. निरोध द्यायचा कुणाला? आणि पैसे यूपीआयने घेतले की गिऱ्हाइकाच्या फोनवर खरं नाव उमटतं. मग धमकी: गावाकडे सांगू का? एकीने त्या भीतीने आठ महिने दर महिन्याला पैसे भरले. ही रेडपेक्षा वाईट कोठडी.


ॲड_वेदगंगा | १६ मार्च, सकाळी १०:५०

ते खंडणीत येतं, आणि ती तक्रार करू शकते. 'तूच धंदा करतेस' म्हणून परत पाठवता येत नाही. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो; १५१०० ला फोन करा किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. मेसेज पुसू नका, एवढं आधी सांगा तिला.


घटप्रभाकाठ | १६ मार्च, रात्री ९:३०

यल्लव्वा_नव्हे यांनी 'कागद' म्हटलं ते सुटू नये, म्हणून सीमाभागाचं थोडं.

आमच्या अक्काचंच घ्या. जन्म गडहिंग्लज तालुक्यात, दिली हुक्केरीला, काम मिरज आणि निपाणी. माहेरच्या रेशन कार्डावरून लग्नात नाव कमी झालं. सासरच्यांनी चढवलं नाही. मिरजेत खोलीमालक भाडेपावती देत नाही, कारण दिली तर कोठ्याचं कलम त्याच्यावर येईल. म्हणजे महाराष्ट्र म्हणतो तू कर्नाटकातली, कर्नाटक म्हणतं तुझा पुरावा काय. कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईला. तिचं कार्डच नाही. शक्ती योजनेत बस फुकट, पण कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवा. कंडक्टरसमोर तिने दर वेळी पैसे मोजले. कोविडमध्ये सर्वोच्च न्यायालयाने (२९ सप्टेंबर २०२०) ओळखपत्र न मागता धान्य द्या म्हणून सांगितलं, ते मिळालं तेव्हा आधीचे सहा महिने उधारीवर गेले होते. पुढच्या वर्षी कोगनोळीला आरटीपीसीआरचा कागद मागायला लागले. हिची गोळ्यांची नोंद मिरजेच्या एआरटी केंद्रात, ही इकडे. त्या केंद्राचं हिरवं पुस्तक दाखवायचं म्हणजे नाक्यावरच्या दहा माणसांना आजार सांगायचा. शेवटी भाजीच्या टेम्पोवाल्याने गोळ्या आणून दिल्या. त्याने कधी विचारलं नाही कसल्या म्हणून.

सांगलीत 'संग्राम' या संस्थेने १९९२ मध्ये काम सुरू केलं आणि १९९६ मध्ये बायकांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. 'वेश्या' हा शब्द त्यांनी मुद्दाम नावात घेतला. मला तो लिहिताना अजून बोट अडखळतं, त्यांना नाही. त्यांच्याकडून एक शिकलो: आधी विचारायचं, काय पाहिजे. आमच्या संस्थेने सहा वर्षांत मला विचारायला सांगितलेला प्रश्न होता, किती पेट्या पाहिजेत.


ॲड_वेदगंगा | १६ मार्च, रात्री १०:१०

आधारचा मार्ग आहे! त्याच २०२२ च्या आदेशात. पत्त्याचा पुरावा नसेल तरी नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याचं किंवा राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. आणि कार्डावर किंवा नोंदणीत ती धंद्यातली हे ओळखू येईल अशी खूण टाकायची नाही. गावातल्या आधार केंद्रावर हे माहीत नसतं, आदेशाची प्रत घेऊन जा. अक्का आहेत का अजून संपर्कात?


घटप्रभाकाठ | १६ मार्च, रात्री १०:२५

आहे. वय झालंय, पण आहे. विचारतो.


कुंदा_खाऊ | १७ मार्च, सकाळी ७:००

मी अजून पूर्ण तुमच्या बाजूला नाही. आमच्या इथल्या कागदावर मी सही केली होती, ती मागे घेतली नाही. पण काल गल्लीच्या मीटिंगमध्ये म्हटलं, गाड्यांचे नंबरही लिहू. दोघे उठून गेले. त्यातल्या एकाची गाडी पांढरी आहे.


राकसकोप | १७ मार्च, सकाळी ७:२०

😶


घटप्रभाकाठ | २९ जुलै, रात्री ८:४५

धागा वर काढतोय. निवेदन गेलं, ६१ सह्यांचं. फोटो आला, त्यात कागद देणारे दिसतात. रेड अजून नाही. अक्काचं प्रमाणपत्र बेंगळूरहून यायला तेरा आठवडे लागले. आधार केंद्रातल्या पोराने आदेशाची प्रत दोनदा वाचली, तिसऱ्यांदा साहेबांना फोन केला, मग बोटं घेतली. वखारीत आणि नंतर भांडी घासून तिची बोटं इतकी गुळगुळीत की चार वेळा घ्यावी लागली.


यल्लव्वा_नव्हे | २९ जुलै, रात्री ९:३०

कार्ड आलं. मी बघितलं. कन्नडमध्ये नाव बरोबर हाय, इंग्लिशमध्ये एक अक्षर जादा पडलंय. अक्का म्हणती राहू दे, एक अक्षर फुकट मिळालं. उद्या बँकेत खातं काढायला जाणार. वकीलबाई, चालतंय काय ओ असं?